धाकट्याची किल्ली

धाकट्या भावाचा मला हेवा वाटतो. पंचावन्नाव्या वर्षी हे लिहायची लाज वाटायला हवी, पण पन्नास वर्षं जी गोष्ट पोटात दुखते आहे तिचं नाव घ्यायला आता हरकत नसावी. तो पुण्यात मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. मी इथे ग्वाल्हेरला कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांना गॅल्व्हानोमीटर काढून देतो, तारा जोडून देतो, आणि संध्याकाळी सगळं परत कपाटात लावतो. बाबा माझ्याजवळ राहतात, थाटीपुरच्या घरात. त्यांची औषधं मी आणतो, त्यांची नखंसुद्धा मी कापतो. आणि त्यांच्या तोंडी दिवसभर असतो तो धाकटा. नळ गळायला लागला तरी म्हणतात, "अरे, त्याला फोन लावून बघ न, तो सांगून देईल." नळ पुण्याहून दुरुस्त होतो असं त्यांना खरंच वाटतं.

मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, धाकटा ऐकत असताना बाबांनी म्हणावं की हे यानं केलं. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती संधी आली, आणि कशावरून आली तर आमची गाडी सुरू होईना यावरून.

त्याआधी दसऱ्याचं सांगायला हवं. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. तलवारी केव्हाच गेल्या. आता दसऱ्याला पाटावर मांडतो ते माझे पान्हे, विळी, बायकोची शिवणाची कात्री आणि गाडीची किल्ली. पण घरातला एक नियम बाबांनी सोडलेला नाही. कुटुंबात कुणीही, कुठल्याही गावी गाडी घेतली, तरी तिची पहिल्या दसऱ्याची पूजा घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातून व्हायची. धाकट्यानं उन्हाळ्यात नवी गाडी घेतली होती. मोठी, उंच, आत बसल्यावर छताला काच असलेली. तिचा फोटो त्यानं पाठवला आणि म्हणाला, "बाबा, यालाच हळद-कुंकू लावा."

बाबा म्हणाले, "फोटोची पूजा गेलेल्यांची होते. किल्ली पाठव."

आणि खरोखरच नव्या गाडीची दुसरी किल्ली पुण्याहून कुरिअरनं आली. तिला किल्ली तरी कसं म्हणायचं? दात नाहीत, पातं नाही, नुसती काळी गुळगुळीत वडी आणि तिच्यावर चार बटणं. खिशात असली की गाडी आपोआप उघडते म्हणे. बाबांनी ती उपरण्यानं पुसली आणि पाटाच्या मधोमध ठेवली. माझी बारा वर्षांच्या गाडीची किल्ली कडेला, विळीच्या शेजारी. पूजा झाली, मी गाडीला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवून ती दोन हात पुढे घेतली. तेव्हा ती एका झटक्यात सुरू झाली होती, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर बघतो, तर बाबा देवघरासमोर बसून दोन्ही किल्ल्या एकत्र बांधत होते. लाल दोरा, ज्याला इथे सगळे कलावा म्हणतात, तो त्यांनी दोन्ही किल्ल्यांच्या डोक्यांभोवती गच्च गुंडाळला होता आणि गाठीवर गाठ मारत होते. माझ्या किल्लीचं नुसतं पातं तेवढं बाहेर राहिलं होतं.

"बाबा, हे काय?"

"राहू दे चार दिवस. सोडू नको."

कारण सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याचा फोटो दिवाणखान्यात, त्याची पदवी भिंतीवर, आता त्याची किल्लीसुद्धा माझ्याच किल्लीच्या बोकांडी. न जेवताच झोपावं असं वाटलं, पण पुरणपोळी होती म्हणून जेवलो.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सिटी सेंटर भागातल्या दवाखान्यात. साडेदहाला पोचायचं होतं. डॉक्टर धाकट्याचा शाळेतला दोस्त. त्यानं पुण्याहून एक फोन केला आणि तारीख मिळाली. म्हणजे डॉक्टर त्याचा, तारीख त्याची, आणि माझ्या वाट्याला काय तर नुसतं नेणं-आणणं. डॉक्टरांनी ऑटोला मनाई केली होती, धूळ नको म्हणून. तेव्हा निदान न्यायला तरी माझीच गाडी, यावर मी समाधान मानलं होतं.

पावणेदहाला बाबा धुतलेला सदरा घालून अंगणात खुर्चीवर बसले. मी किल्ल्यांचं ते लाल गाठोडं हातात घेतलं, पातं कुलपात घातलं आणि फिरवलं. स्टार्टर खर्र खर्र फिरला. इंजिन काही पेटेना. परत फिरवलं. स्टार्टर चांगला जोरात फिरत होता, हेडलाइट लख्ख लागत होते, म्हणजे बॅटरी ठीक होती. पेट्रोल अर्धी टाकी होतं. फक्त समोर काट्यांच्या शेजारी एक लाल दिवा भराभर मिचकत होता. त्याच्यावर छोटीशी गाडी आणि कुलूप यांचं चित्र. बारा वर्षांत मी त्या दिव्याकडे कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

नया बाजारातल्या ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो दसऱ्यासाठी गावी गेला होता. "भाईसाहब, सिक्योरिटी ने पकड़ लिया है," तो म्हणाला. "चोर समझ रही है आपको. बैटरी का काला तार खोल दो, दस मिनट छोड़ दो, फिर लगा के देखो. उससे नहीं हुआ तो मशीन लगानी पड़ेगी, और मशीन तो मैं कल ही ला पाऊँगा."

माझीच गाडी मला चोर समजत होती. मी बॉनेट उघडलं, दहाचा पान्हा आणला आणि काळी तार सोडली. दहा मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. बाबांनी धाकट्याला व्हिडिओ कॉल लावला होता.

"हे बघ, याची गाडी चालू नाही होत आहे," बाबा फोन बॉनेटच्या आत धरून सांगत होते. "तू जरा बघून घे."

धाकट्याची मराठी आता पुणेरी झाली आहे, स्वच्छ आणि इस्त्री केलेली. "दादा, कुठला दिवा लागतोय?" त्यानं विचारलं. मी सांगितला. तो लगेच म्हणाला, "इमोबिलायझर आहे. चोरी होऊ नये म्हणून असतं ते. तुझ्या किल्लीच्या डोक्यात एक चिप असते. गाडी आधी ती चिप ओळखते आणि मगच इंजिनला पेट्रोल सोडते. आत्ता ती ओळखत नाहीये. एक काम कर, तुझी दुसरी किल्ली लावून बघ."

सल्ला बरोबर होता. शांतपणे दिला होता. त्यानं आवाज चढवला असता, मला मूर्ख म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. पण तो नेहमी असाच बोलतो. माझी दुसरी किल्ली आमच्या कपाटात, बायकोच्या साड्यांखाली होती. ती आणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मग गाडी सुरू झाली असती आणि बाबा पुढची दहा वर्षं सांगत सुटले असते, की पुण्यात बसून यानं ग्वाल्हेरची गाडी चालू करून दिली.

"दुसरी सापडत नाही," मी म्हणालो.

बायको दारातच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरीकडे पाहिलं.

"हरकत नाही," धाकटा म्हणाला. "मी इथून कॅब बुक करतो. बाबांना उशीर नको व्हायला." आणि दुसऱ्याच क्षणी, "झाली. नऊ मिनिटांत येते."

"बघ!" बाबा फोनकडे बघत इतके खूश झाले, की त्यांचं ऑपरेशन होऊन गेल्यासारखं वाटलं. "पुण्यात बसून गाडी बोलावून दिली यानं. तू रहने दे आता, हात काळे नको करू."

नेणं-आणणंसुद्धा गेलं. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडू येतं आहे या गोष्टीचा अजूनच राग आला. मी म्हणालो, "नऊ मिनिटं आहेत न? बसा तुम्ही. मी बघतो."

काळी तार परत जोडली. किल्ली फिरवली. तेच. खर्र खर्र, आणि लाल दिव्याची मिचमिच. मी दार लावून घेतलं, काचा वर केल्या आणि आत नुसता बसून राहिलो. खरं सांगायचं तर तोंड लपवायला बसलो होतो. पण तीस वर्षांची सवय असते. प्रयोगशाळेत एखाद्या मुलाच्या गॅल्व्हानोमीटरची सुई भलतीकडे जायला लागली की मी त्याला एकच प्रश्न विचारतो, मघाशी चालत होतं ना, मग मघापासून काय बदललं? तोच प्रश्न मी स्वतःला विचारला. काल सकाळी लिंबांवरून गाडी गेली तेव्हा ती ठीक होती. तेव्हापासून बॅटरी तीच, पेट्रोल तेच, मीही तोच. बदललं काय?

मी कुलपात लटकणाऱ्या लाल गाठोड्याकडे पाहिलं.

कुलपाच्या भोवती कॉइल असणार. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण किल्लीतल्या चिपला ना तार, ना सेल, मग तिला वीज देणार कोण? शेजारची कॉइलच देणार. दरवर्षी मी दोन कॉइल टेबलावर शेजारी ठेवतो, एकीत वीज सोडतो आणि दुसरीची सुई आपोआप हलताना मुलांना दाखवतो. आणि दरवर्षी कुणीतरी शहाणा तिसरी कॉइल मध्ये आणून ठेवतो आणि सगळे आकडे बिघडवतो. इथे कुलपातली कॉइल विचारत होती, तू कोण? आणि दोन किल्ल्या एकदम उत्तर देत होत्या. माझी आणि धाकट्याची. त्या गलक्यात गाडीला बिचारीला काहीच ऐकू येत नव्हतं.

मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाचा नव्हता. गाडीचा दोष सापडला म्हणून नाही, तो दोष धाकट्याचा निघाला म्हणून झाला. त्याची ती बटणांची वडी माझ्या किल्लीला चिकटून बसली होती आणि मला माझ्याच गाडीतून बाहेर ठेवत होती. पन्नास वर्षं मी जे म्हणत होतो, त्याचा हा पुरावाच होता. आणि तो मोटारींचा इंजिनिअर असून त्याला हे सुचलं नव्हतं!

मी दार उघडून बाहेर आलो. बायको गाडीजवळ आली आणि हळूच माझ्या हातात दुसरी किल्ली दिली. "अहो, साड्यांखालीच होती की. तुम्हाला माहीत आहे न." मी ती खिशात टाकली आणि तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

"बाबा, इकडे या," मी मोठ्यानं म्हणालो. "फोन घेऊन या. त्यालाही दाखवा."

बाबा काठी टेकत आले. फोनमध्ये धाकट्याचा चेहरा होता. मी परीक्षेला बसल्यासारखा त्या दोघांना समजावून सांगू लागलो. कॉइल, दोन चिपा, दोन उत्तरं. धाकट्याचे डोळे मोठे झाले. "अरे हो! माझी किल्ली त्याला बांधली आहे का? हे तर तुम्ही सांगितलंच नाही. दादा, बरोबर आहे तुझं. शंभर टक्के बरोबर."

ते ऐकायचं नव्हतं मला. त्यानं म्हणायचं नव्हतं, बाबांनी म्हणायचं होतं. मी बायकोला म्हणालो, "कात्री दे ग. हा दोरा कापतो आणि दाखवतो."

"कापू नको!" बाबा एकदम ओरडले. त्यांचा आवाज असा चढलेला मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी किल्ल्या माझ्या हातातून घेतल्या, फोन गाडीच्या टपावर ठेवला आणि नखानं गाठ सोडवायला लागले. मोतीबिंदूनं त्यांना दोरा दिसत नव्हता, चाचपून शोधत होते. एक गाठ सुटायला मिनिट लागलं. अशा पाच-सहा होत्या.

"कॅब येईल बाबा. कापू द्या मला."

"नाही कापायचा. पूजेचा आहे. आणि मी असाच नाही बांधला."

"मग कशाला बांधला होता? माझी गाडी बंद पाडायला?"

हे मी बोललो. बोलून गेलो. बाबांची बोटं थांबली.

"तू किती वर्षांपासून गाडी चालवतो आहेस?" त्यांनी विचारलं.

"बावीस."

"एकदा तरी ठोकलीस?"

"नाही."

"म्हणूनच बांधली." ते परत गाठीशी झटायला लागले. "त्यानं गेल्या वर्षी एकदा ठोकली, ती तुला माहीत आहे. या वर्षी परत ठोकली, ती तुला माहीत नाही. तुला काय वाटतं, नवी गाडी त्यानं शौकानं घेतली? जुनी उरलीच नव्हती. हायवेवर दोन पलट्या खाल्ल्या तिनं. त्याला दरवाजा कापून काढलं लोकांनी. मी म्हटलं, त्याची किल्ली चार दिवस तुझ्या किल्लीला लागून राहू दे. तू कसा सांभाळून चालवतो. तुझा थोडा गुण त्याला लागून जाईल."

फोन टपावरच होता. त्यातून धाकटा म्हणाला, "बाबा, दादाला सांगू नका म्हटलं होतं ना मी."

"का नको सांगू?"

"त्याच्यासमोर लाज वाटते मला," तो म्हणाला.

मला काय वाटलं ते मी खरं लिहितो. पहिल्यांदा छाती भरून आली. बाबांनी माझा एक गुण मानला होता, तोही धाकट्याच्या देखत, म्हणजे मला हवं होतं तसंच घडलं होतं. मग लगेच पोटात दुखलं. जन्मात एकदा माझा गुण त्यांच्या नजरेत भरला, आणि तोही कशासाठी, तर धाकट्याला देऊन टाकण्यासाठी. आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी मला ती उलटलेली गाडी दिसत होती. सबंध उन्हाळाभर मी त्या नव्या गाडीवर जळत होतो, तिच्या छताच्या काचेवर जळत होतो. ती का घ्यावी लागली हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

शेवटची गाठ सुटली. बाबांनी दोरा नीट गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला, माझी किल्ली मला दिली आणि त्याची मुठीत धरली. मी आत बसलो आणि किल्ली फिरवली. लाल दिवा एकदा लागला आणि विझला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

"झाली चालू!" बाबा ओरडले. कुणी चालू केली ते म्हणाले नाहीत.

"कॅब कॅन्सल करतो," फोनमधून धाकटा म्हणाला. "बाबा, तुम्ही दादाबरोबरच जा."

बायकोनं टपावरचा फोन उचलून बंद केला. बाबा माझ्या शेजारी बसले आणि पट्टा लावून घेतला. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मूठ उघडली. ती काळी वडी त्यांच्या घामानं ओली झाली होती. "ही आता कुठे ठेवू? फार लांब नाही ना ठेवावी लागणार?"

"हातभर लांब असली की पुरे," मी म्हणालो. "द्या इकडे."

ती मी माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. ऑपरेशन ठीक झालं. किल्ली कुरिअरनं पुण्याला परत जाईपर्यंत चार दिवस त्याच खिशात राहिली, शर्ट बदलला तरी आठवणीनं तिकडेच ठेवत होतो. हेवा काही कमी झाला नव्हता. पण त्या चार दिवसांत मी कुठल्याच चौकात घाई केली नाही, कुणालाही ओव्हरटेक केलं नाही, आणि एका स्कूटरवाल्यानं मला शिवी घातली तेव्हासुद्धा गाडी बाजूला घेऊन त्याला पुढे जाऊ दिलं.